बगरूचा मुक्काम

आमच्या कऱ्हाडच्या शिवेवरून जो हमरस्ता जातो, तोच पुढे पुणे, सुरत, अहमदाबाद, उदयपूर अशी मोठमोठी नगरे मागे टाकीत जयपुरास पोहोचतो आणि अखेर दिल्लीस जाऊन मिळतो. सरकारी दप्तरी त्याचा क्रमांक ४८ असा आहे. जयपूर तीस-बत्तीस किलोमीटर उरले, की या रस्त्याच्या कडेस बगरू नावाचे गाव लागते. म्हणजे आमच्या दारातून निघून चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर रस्ता न सोडण्याची तयारी असेल, तर बगरूचा पत्ता कोणास विचारण्याचे कारण नाही! मी मात्र तेथे पोहोचलो तो उलट दिशेने, उत्तरेकडून, हिमालयातील धूळ अंगावर वागवीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते. स्पिती खोऱ्यातील तीन आठवड्यांची भटकंती आटोपून मी मनालीमार्गे खाली उतरलो होतो. माझी कन्या कापडावरील छपाईचे शिक्षण घेते. तिचा तीन महिन्यांचा मुक्काम बगरूच्या एका छीपा कुटुंबात होता आणि तो संपत आला होता. तिला मागे बसवून जैसलमेर, बाडमेर व कच्छ पाहात घरी परतावे, असा आम्हा बापलेकीचा बेत होता. दोन लांबच्या प्रवासांमध्ये बगरूस दोन-तीन दिवस विसावा घ्यावा, एवढीच माझी कल्पना होती. प्रत्यक्षात आठ दिवस राहिलो. प्रवासवर्णनांतून घाट असतात, खिंडी असतात, सूर्यास्त तर हमखास असतात. परंतु दोन प्रवासांच्या मधल्या दिवसांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. मी त्या आठ दिवसांविषयीच लिहिणार आहे.

माझी फटफटी ही लांब पल्ल्याच्या व वाईट रस्त्यांच्या प्रवासाकरिता घडविलेली उंच, दणकट गाडी आहे. फटफटी हे नाव घरात वडिलांच्या वेळेपासून चालत आले. आताच्या गाडीचा आवाज तसा येत नाही, पण नाव सुटत नाही. तिच्या मीटरवर त्या दिवशी १,१२,००० किलोमीटरचा आकडा होता. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर धरला, तर तिने पृथ्वीस जवळजवळ पावणेतीन प्रदक्षिणा घातल्या असे म्हणावे लागेल. एवढी चाललेली गाडी विकून टाकावी, असे शेजारीपाजारी सांगतात. माझे मत निराळे आहे. नव्या गाडीचे कोणते अंग केव्हा दुखेल हे आपणास ठाऊक नसते. जुनीचे ठाऊक असते. अट एवढीच, की वेळ काढून तिला विचारले पाहिजे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. अकरा वर्षांपूर्वी, याच्या आधीच्या गाडीवरून पत्नीसह चिपळूणला जात असता कुंभार्ली घाटात साखळी दात्यांवरून उडाली, मागचे चाक जागीच अडकले आणि आम्ही दोघे रस्त्यावर आपटलो. मला खरचटले, तिचे मनगट मोडले. ते पुढे जुळले, पण पुरते सरळ झाले नाही. आजही पोळपाटावर लाटणे फिरवताना तिचा उजवा हात किंचित तिरका पडतो. साखळी सैल झाली आहे हे मी आदल्या आठवड्यात पाहिले होते, आणि ‘पुढच्या रविवारी बघू’ असे मनाशी म्हटलेही होते. त्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही. मला तिने कधी अडविलेही नाही. या खेपेस मुलीचा बेत कळला तेव्हा दूरध्वनीवरून एवढेच म्हणाली, “अहो, पोरीला मागे बसवण्याआधी गाडी स्वतःच्या हातांनी उघडून पाहा. मिस्त्रीने पाहिली, असे मला सांगू नका.”

बगरू हे नाव मराठी माणसास अगदीच परके नसावे. सवाई जयसिंहाच्या पश्चात त्याच्या दोघा पुत्रांत, ईश्वरीसिंह व माधोसिंह यांच्यात, जयपूरच्या गादीवरून कलह पेटला. १७४८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, या गावापाशी मोठी लढाई झाली. माधोसिंहाच्या बाजूने मल्हारराव होळकर उभे होते, तर ईश्वरीसिंहाच्या बाजूने भरतपूरचा सूरजमल जाट. अखेर ईश्वरीसिंहास भावाला काही परगणे देऊन तह करावा लागला. गावात हिंडताना या लढाईची आठवण कोणी काढली नाही. तेथील आजची ख्याती निराळी आहे, आणि ती कानांनी आधी कळते. छीपा मोहल्ल्यात पाऊल टाकले, की घराघरातून लाकडी ठशावर तळहाताची मूठ पडल्याचा धप् धप् असा आवाज येऊ लागतो. मोकळ्या माळावर पिवळी, करडी, निळी कापडे उन्हात पसरलेली असतात. वाऱ्यावर निळीचा उग्र दर्प आणि आंबलेल्या गुळाचा वास मिसळलेला असतो.

या छपाईची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिनेच माझा मुक्काम लांबविला. कापड प्रथम धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, म्हणजे ते पिवळसर होते. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत वेचतात तोच हा हिरडा. काळ्या रंगाकरिता जुने लोखंड गुळाच्या पाण्यात दहा-पंधरा दिवस आंबवतात. त्यास तेथे स्याही म्हणतात. हे द्रावण हिरड्याच्या कापडावर ठशाने उमटले, की काळे होते. तांबड्यासाठी तुरटी व चिंचोक्याची खळ वापरतात. तो रंग छापताना दिसतही नाही, पुढे कापड उकळले म्हणजे उमलतो. आणि दाबू म्हणजे चिखलाची छपाई. काळी माती, चुना, डिंक आणि कीड लागलेल्या गव्हाचे पीठ एकत्र मळून तो चिखल ठशाने कापडावर उठवतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात, आणि कापड उन्हात खडखडीत वाळल्यावर निळीच्या माठात बुडवतात. चिखलाखालचा भाग कोरा राहतो, बाकीचा निळा होतो. चिखल ओला असता कापड माठात घातले, तर सगळा दिवस वाया जातो. पावसाळ्यात म्हणूनच हे काम बहुतेक थंडावते.

कन्येचे शेवटचे कापड नेमके दाबूच्या टप्प्यावर होते आणि त्या आठवड्यात आभाळ अधूनमधून झाकोळत होते. “बाबा, आठ दिवस तरी लागतील,” ती म्हणाली. मी थोडा चडफडलो. घरचे वृद्ध यजमान, ज्यांना सर्वजण दादाजी म्हणत, शांतपणे म्हणाले, “आपणही काही वाळत घाला, साहेब.” ते थट्टेने बोलले असावेत, पण मी दुसऱ्याच दिवशी अंगणातील कडुनिंबाखाली जुनी सतरंजी अंथरून हत्यारांची पिशवी उघडली.

पहिला दिवस केवळ धुण्यात गेला. धुणे म्हणजे गाडी चकचकीत करणे नव्हे. ओले फडके घेऊन प्रत्येक नट व प्रत्येक सांधा हाताखालून घालविताना जे दिसते, ते एरवी दिसत नाही. सामानाच्या चौकटीचा एक बोल्ट स्पितीच्या खडखडाटाने अर्धा बाहेर आला होता. तेल पाझरत असेल तेथे धूळ चिकटून राहते, म्हणजे धूळच बोट दाखवून सांगते. मी महत्त्वाच्या नटांवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतो, अर्धी नटावर व अर्धी त्याखालच्या भागावर. रेघ तुटलेली दिसली, की नट हलला असे समजावे. युक्ती जुनीच आहे; पण सकाळी चहा होईपर्यंत सारी गाडी तपासून होते.

साखळीपाशी मी सर्वांत अधिक वेळ बसलो, हे सांगावयास नकोच. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून चाक हाताने हळूहळू फिरवून तिचा सर्वांत ताठ भाग शोधावा व ढिलेपणा तेथे मोजावा. सैल भागी मोजून ताणली, तर ताठ भाग समोर येताच ती बेअरिंगवर ओढ देते. घासलेट व मऊ ब्रश यांनी धुवावी. पेट्रोलने धुतल्यास तिच्या कड्यांमधील रबरी चकत्या खराब होतात. धुताना इंजिन चालू ठेवून चाक फिरविण्याचा आळशी उपाय काही लोक करतात; तो बोटांशी खेळ आहे. चक्राचे दाते मांजराच्या नखांसारखे एका बाजूस वाकलेले दिसले, तर साखळी व दोन्ही चक्रे एकदमच बदलावी. माझे दाते अजून सरळ होते. तरीही मी ते दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजण्याचे यांत्रिक कारण काही नव्हते.

इतर कामे भराभर उरकली. इंजिनचे तेल गाडी थोडी चालवून कोमट असता काढले, म्हणजे गाळ त्याबरोबर निघून येतो. झाकणाच्या चुंबकाला करडे पीठ लागले होते. पीठ चालते, कपच्या आल्या तर चिंता करावी. हवेची जाळी कागदी, ती धुता येत नाही. वाळवंटाकडे निघालो असल्याने नवी बसविली. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि लांब उतारावर तापून उकळते, म्हणून दोन वर्षांनी बदलावेच लागते. टायरच्या कडेवरील शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी झाला हे लिहिलेले असते. पुष्कळांना ते माहीत नसते आणि दुकानदार बहुधा सांगत नाही. चाकांच्या तारांवर पान्याने हलकेच टिचकी मारीत गेलो. मडके विकत घेताना आपल्या आयाबहिणी नाद ऐकतात, तसाच हाही नाद. बद्द आवाज आला ती तार सैल. मागच्या चाकात अशा तीन निघाल्या. छीपांच्या घरातील नातवंडांना हा उद्योग इतका आवडला, की पुढे दोन दिवस गाडी सतारीसारखी वाजत होती!

चौथ्या दिवशी संध्याकाळी सर्व आटोपले असे वाटले. शेवटी गाडी डबल स्टँडवर चढवून मागचे चाक दोन्ही हातांनी धरले व डावी-उजवीकडे हलविले. अगदी बारीक, टिक् असा आवाज आला.

येथे मला एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. तो आवाज मी ऐकला, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हे काही विशेष नाही, अजून दोन हजार किलोमीटर सहज निघतील, घरी जाऊन सावकाश पाहू. ‘पुढच्या रविवारी’ हाच तो विचार, दुसरे कपडे घालून आलेला. मी हात पुसू लागलो होतो. कन्या निळीने रंगलेले हात घेऊन मागे उभी होती. “बाबा, पुन्हा हलवा ना,” ती म्हणाली. पुन्हा टिक् झाले. ती पुढे काही बोलली नाही. मीही बोललो नाही. पाना घेतला आणि चाक काढले.

साखळीचे मोठे चक्र ज्या कपलिंगवर बसते, त्याच्या आतील बेअरिंगमधून ग्रीसऐवजी तपकिरी पाणी ओघळले. बोटाने फिरविले तर वाळू भरडल्यासारखे लागले. कारण उघड होते. बातल ते ग्राम्फूच्या रस्त्यावर वितळत्या बर्फाचे ओढे रस्त्यावरूनच वाहतात. गाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत पाण्यातून काढावी लागते. तापलेले चाक थंड पाण्यात गेले, की ते आत पाणी ओढून घेते. एवढे पुरे नव्हते म्हणून की काय, खाली उतरल्यावर मी हौसेने गाडी जोराच्या फवाऱ्याने धुवून घेतली होती, आणि फवारा नेमका चाकाच्या मध्यावर धरावयास सांगितले होते. रबरी पडद्याआड उरलेसुरले ग्रीस त्याने धुऊन नेले. असे बेअरिंग जैसलमेरच्या पुढे, जेथे कित्येक कोस माणूस भेटत नाही, भरल्या वेगात मोडले असते तर चक्र तिरपे होऊन साखळी उडाली असती. पुढचे मला ठाऊक होते.

अजमेर रस्त्यावरच्या वयस्क मिस्त्रींना, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, मी ते बेअरिंग दाखविले. त्यांनी फडक्याने कडा पुसून त्यावर कोरलेला आकडा वाचला: ६२०४. “भाईसाहब, हे माझ्याकडे नाही; गाडीच्या दुकानात शोधूही नका,” ते म्हणाले. “पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, तेथे जा.” बेअरिंगचे क्रमांक जगभर एकच असतात, हे मी वाचले होते, पण गरज पडल्याविना पटले नव्हते. ६२०४ म्हणजे आतील छिद्र २० मिलीमीटर, बाहेरचा व्यास ४७ व जाडी १४. मग ते गाडीत बसो वा पंपात. बगरूत मोटारी दुरुस्त करणारी दुकाने असण्यासही कारण आहे. ज्या नदीच्या आधाराने छीपा येथे वसले ती केव्हाच कोरडी पडली. आता धुणे, रंगविणे, सारे जमिनीतून उपसलेल्या पाण्यावर चालते. दुकानदाराने दोन्ही बाजूंस रबरी पडदा असलेले नवे बेअरिंग काढून दिले आणि कोणती मोटार जळाली, असे आपुलकीने विचारले.

ते बसविण्याची रीत उस्तादांनी सांगितली. बेअरिंग रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे ते किंचित आकसते. चक्राची बैठक गरम पाण्याच्या फडक्याने शेकावी, म्हणजे ती किंचित पसरते. आणि ठोकताना ठोका केवळ बाहेरच्या कड्यावर पडावा, आतल्या कड्यावर पडला तर नवे बेअरिंग बसण्याआधीच बिघडते. यजमानांच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या वाडग्याशेजारी, दाबूच्या चिंधीत गुंडाळलेले बेअरिंग एक रात्र राहिले. घरच्या वहिनींनी त्यास हरकत घेतली नाही. फक्त दही हलवून वरच्या कप्प्यात ठेवले. सकाळी जुन्याच बेअरिंगचा आधार धरून हलके ठोके दिले. बसेपर्यंत पोकळ आवाज येत होता. तळाशी टेकताच तो घट्ट झाला. उस्ताद मुद्दाम पाहावयास आले होते. त्यांनी मान हलविली आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. “काम आपण केलेत, मी चहा प्यालो,” एवढेच त्यांचे म्हणणे.

दादाजी बाजूस बसून नव्या ठशांची पाहणी करीत होते. नवे ठसे कित्येक दिवस तेलात मुरवून मगच कामास घेतात, नाहीतर लाकूड तडकते. गाडी व ठसा यांची सविस्तर तुलना करण्याचा मोह मला फार झाला; पण दादाजींनीच तो मोडला. म्हणाले, “ठसा बिघडला, तर पहिल्याच छापात कळते. आपले आतल्या आत बिघडते. आपले काम अवघड.” मग त्यांनी ते गंजके बेअरिंग मागून घेतले. सोड्याच्या पाण्यात त्याचे ग्रीस काढून ते लोखंडाच्या माठात टाकावयाचे होते. पूर्वी या माठात घोड्यांचे झिजलेले नाल टाकीत. होळकरांच्या घोड्यांचेही एखाद-दुसरे गेले असेल काय, असा विचार माझ्या मनात आला. तो मी दादाजींना मात्र सांगितला नाही.

घरच्या मुलांनी आग्रहाने गाडीस झेंडूची माळ घातली. आपल्याकडे खंडेनवमीस घालतात तशी. राजस्थानात तर पाली-जोधपूर रस्त्यावर चोटिलाजवळ एका मोटारसायकलीचेच देवस्थान आहे. १९८८ मध्ये अपघातात गेलेल्या ओमसिंह राठोड यांची ती गाडी. जाणारे-येणारे तेथे सुखरूप प्रवासाचा नवस बोलतात. मी अशा श्रद्धेची थट्टा करीत नाही. परंतु दर खंडेनवमीस गाडीला हळदकुंकू वाहून वर्षभर तिच्या साखळीकडे न पाहणारा एक गृहस्थ मला जवळून ठाऊक आहे. त्याचे मनगट मोडले नाही, दुसऱ्याचे मोडले.

आठव्या दिवशी कन्येचे कापड निळीतून निघाले, चिखल धुतला गेला आणि खाली दडलेली पांढरी वेलबुट्टी वर आली. तिने आईसाठी त्यातून एका साडीपुरते कापड बाजूस ठेवले. मी वहीत नोंद केली: तारीख, मीटरचा आकडा, काय काढले, काय घातले. ही वही अकरा वर्षांची आहे आणि तिचे पहिले पान कुंभार्लीच्या दुसऱ्या आठवड्यातील आहे.

नवव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मोहल्ल्यात अजून ठसे वाजू लागले नव्हते. मालमोटारींच्या रांगा चुकवीत, वेग आवरून, तीसेक किलोमीटर गेलो आणि दूदूच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. नवे बेअरिंग घातल्यावर पहिल्या टप्प्यास थांबून चाकाच्या मध्यावर तळहात ठेवून पाहावा, असे उस्तादांनी बजावले होते. हात ठेववत नसेल इतके तापले, तर काही चुकले आहे. मी हेल्मेट काढण्याच्या आधीच कन्या खाली वाकली होती. तिने निळ्या नखांचा हात तुंब्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला.

“कोमट आहे, बाबा.”

तेवढ्यात घरून दूरध्वनी आला. सकाळचे सात वाजले होते. इतक्या लवकर ती सहसा करीत नाही. मी काही सांगण्याच्या आधीच कन्येने तो माझ्या हातातून घेतला आणि आईला बेअरिंगचा क्रमांक सांगू लागली.